फाइल उडवली तरी लाल पट्टी तशीच, मग जागा अडते कुठे?

रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. "अगं, लग्नाचे सगळे व्हिडिओ उडवले मी, 12 जीबी होते, मोजून बघितले होते, तरी ती जागा भरल्याची लाल पट्टी हलायला तयार नाही. लॅपटॉप बिघडलाय का?" मावशी रिटायर्ड शिक्षिका, तीही गणिताची, त्यामुळे तिचं म्हणणं सरळ होतं की मोकळ्या 5.8 जीबीत 12 मिळवले की 17.8 व्हायला पाहिजेत, आणि होत नसतील तर मधे कोणीतरी हिशोबात गडबड करतंय. तिचा संशय तसा बरोबरच होता म्हणा. गडबड नव्हती, पण तिने उडवलेलं अजून कोणीतरी धरून बसलं होतं.

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, आणि दर वेळी मी फोनवर "हे दाब, ते दाब" करत बसते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. नुसतं काय दाबायचं ते नाही, आत काय होतं तेही, कारण ते एकदा डोक्यात बसलं की पुढच्या वेळी मला फोन करायची गरज नाही (हा माझा स्वार्थ).

गावाकडे थोडीफार जमीन असेल तर हे पटकन कळेल. जमीन शिवारात असते आणि सातबारा तलाठ्याकडे. लॅपटॉपमध्ये पण तसंच, डेटा ड्राइव्हवर पसरलेला असतो आणि कुठल्या फाइलचं नाव काय, ती कुठून कुठपर्यंत आहे, याचं दप्तर वेगळं असतं. त्या दप्तराला फाइल सिस्टिम म्हणतात, विंडोजवर बहुतेक एनटीएफएस, मॅकवर 2017 पासून एपीएफएस. ड्राइव्हचे बारीक बारीक वाफे पाडलेले असतात, एनटीएफएसमध्ये साधारण 4 केबीचा एक, आणि कुठला वाफा भरलेला, कुठला रिकामा, एवढंच लिहिलेली एक वेगळी वही असते. आपण 'धिस पीसी' उघडतो आणि 'इतके जीबी फ्री' असं दिसतं ना, ती त्या वहीतल्या रिकाम्या वाफ्यांची बेरीज आहे. शिवारात जाऊन कोणी बघत नाही. आणि ही बेरीज 10 टक्क्यांच्या खाली गेली की पट्टी लाल होते.

आता तुम्ही फाइलवर क्लिक करून डिलीट दाबता तेव्हा काय होतं? जमिनीला कोणी हात लावत नाही. वहीत 'रिकामा' असंही कोणी लिहित नाही. होतं इतकंच की फाइल तुमच्या फोल्डरमधून निघून रिसायकल बिन नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते, आणि ते फोल्डर त्याच ड्राइव्हवर असतं, लपवलेलं. म्हणून तर 12 जीबीचे व्हिडिओ दोन सेकंदांत 'जातात', तेच पेनड्राइव्हवर कॉपी करायला घ्या, चहा होतो तेवढ्यात. कारण इथे काहीच हललेलं नसतं, फक्त पत्ता बदललाय. विंडोज त्या फाइलचं नाव बदलून डॉलर आरने सुरू होणारं काहीतरी अगम्य ठेवतं आणि शेजारी डॉलर आयने सुरू होणारी एक चिमुकली फाइल बनवतं, त्यात मूळ नाव, मूळ जागा आणि कधी उडवली ते लिहिलेलं असतं, 'रिस्टोअर' म्हटलं की त्याच चिठ्ठीवरून ती परत जाग्यावर जाते. हे बिन विंडोज 95 पासून आहे, म्हणजे 1995 पासून, आणि तेव्हापासून लोक त्याला कचऱ्याची गाडी समजतायत. अहो, ती गाडी नाहीये, ती घरातलीच बादली आहे. बादलीत टाकलेला कचरा घरातच असतो.

तर मावशीला म्हटलं, डेस्कटॉपवर ते बिन दिसतंय त्याच्यावर राइट क्लिक कर आणि 'एम्प्टी रिसायकल बिन' म्हण. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "अगं पण त्यात माझ्या कविता आहेत." म्हणजे हिने बिनचा माळा केला होता! लागणार नाही असं वाटतं पण टाकवतही नाही ते सगळं तिथे, आमच्या घरी श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवतात तसं. हसू नका, असे बरेच लोक आहेत. हे भयंकर धोक्याचं आहे, कारण बिनला स्वतःचा कोटा असतो, तो भरला की आतलं सगळ्यात जुनं सामान आपोआप बाहेर फेकलं जातं, कोणालाही न विचारता. आणि स्टोरेज सेन्स नावाची सोय चालू असेल तर 30 दिवसांपेक्षा जास्त पडलेलं ती स्वतःच साफ करते, म्हणजे तुम्ही दिवस बदलले नसतील तर. तेव्हा आधी कविता बाहेर काढ, डॉक्युमेंट्समध्ये टाक, मग बिन रिकामं कर. केलं. पट्टी हलली. 17.8 नाही पण 17.6 वगैरे दिसलं, मावशीने ते 0.2 कुठे गेले ते विचारलं, मी म्हटलं चालता लॅपटॉप आहे, तो पण मधे काहीतरी लिहित असतो, सोड.

शिफ्ट दाबून डिलीट केलं तर फाइल बिनमध्ये न जाता थेट जाते. सवय लावून घेऊ नका, मी एकदा लावून घेतली होती आणि एकदा रडलेही आहे.

पेनड्राइव्हचं वेगळंच. विंडोजवर पेनड्राइव्हमधली फाइल उडवली की साधारणपणे बिनबिन काही नाही, थेट गेली. पण मॅकवर उडवलीत तर मॅक त्या पेनड्राइव्हवरच एक लपलेलं ट्रॅश फोल्डर करतो आणि फाइल तिथे ठेवतो. मग तुम्ही तोच पेनड्राइव्ह विंडोजला लावता, बघता तर आत एकही फाइल दिसत नाही आणि 16 पैकी 14 जीबी भरलेले, आणि लोक म्हणतात व्हायरस आहे. व्हायरस नाही हो. पेनड्राइव्ह परत मॅकला लावा आणि तो लावलेला असतानाच ट्रॅश रिकामा करा, काम झालं.

आणि बिन एकच नसतं ही अजून एक गंमत. मॅकवरच्या किंवा आयफोनवरच्या फोटोज अ‍ॅपला स्वतःचं 'रिसेंटली डिलीटेड' असतं, तिथे फोटो महिनाभर पडून राहतो. गूगल ड्राइव्हचं वेगळं बिन, जीमेलचं वेगळं, दोन्हीकडे 30 दिवस. गूगलची फुकट मिळणारी 15 जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते, आणि बिनमध्ये पडलेलंही त्यात मोजलं जातं, त्यामुळे 'स्टोरेज फुल'चा मेल आला आणि तुम्ही पटापट मेल उडवले तरी आकडा तसाच, कारण कचरा त्याच 15 जीबीत बसलाय. पण तो हिशोब गूगलच्या कंप्युटरवरचा, तुमच्या लॅपटॉपवरच्या लाल पट्टीचा त्याच्याशी काही संबंध नाही, लोक हे दोन हिशोब कायम एकत्र करतात.

बरं, बिन रिकामं केल्यावर तरी शिवारात काय होतं? तर काही नाही! सातबाऱ्यावरचं नाव खोडलं, वहीत वाफा 'रिकामा' म्हणून लिहिला, पीक मात्र उभंच. नवा मालक येऊन नांगर फिरवेपर्यंत, म्हणजे दुसरी फाइल त्याच वाफ्यांवर लिहिली जाईपर्यंत, जुना डेटा तिथेच असतो. चुकून उडवलेले फोटो परत आणणारी सॉफ्टवेअर असतात ना, ती याच जोरावर चालतात, दप्तर बाजूला ठेवून ती थेट शिवारात फिरतात आणि कुठे काय उभं आहे ते बघतात. म्हणून चुकून काही उडालं तर पहिला नियम, लॅपटॉप वापरणं थांबवा, त्यावर काही डाउनलोड करू नका, ते रिकव्हरीचं सॉफ्टवेअर पण त्याच ड्राइव्हवर टाकू नका, नाहीतर त्याचाच नांगर तुमच्या फोटोंवरून फिरायचा.

ही मजा जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची. आजकाल लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह, आणि तिचं गणित वेगळं आहे. एसएसडीला लिहिलेल्यावर परत थेट लिहिता येत नाही, आधी पुसावं लागतं, आणि पुसताना एकदम मोठा तुकडा पुसावा लागतो. त्यामुळे वेळेवर धावपळ नको म्हणून विंडोज तिला आधीच सांगून ठेवतं की हे हे वाफे आता कोणाचे नाहीत, सवडीने साफ कर. याला ट्रिम म्हणतात, विंडोज 7 पासून आहे, म्हणजे 2009 पासून. फायदा असा की ड्राइव्ह चपळ राहते, तोटा असा की बिन रिकामं केल्यावर थोड्या वेळाने 'परत आणता येईल का' याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असं असतं. ज्यांना दहा वर्षांपूर्वी दुकानात कोणीतरी फोटो परत काढून दिले होते ते अजून त्याच भरवशावर असतात. आणि हो, एसएसडी काठोकाठ भरली की हळू चालते, तिला पुसापुशीला मोकळी जागा लागते, म्हणून लाल पट्टी हा नुसता दिखाव्याचा प्रश्न नाही.

आता समजा बिन रिकामं केलं, तरी जागा सुटत नाही, किंवा सुटते आणि चार दिवसांत परत जाते. इथे सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क'चा रकाना बघायचा. मालकाचं नाव गेलं तरी तिथे सोसायटीचा बोजा असेल तर जमीन मोकळी झाली असं आपण म्हणत नाही. मॅकवर हा बोजा म्हणजे स्नॅपशॉट. टाइम मशीनचा बॅकअप चालू असेल तर मॅक साधारण दर तासाला सगळ्या ड्राइव्हचा एक स्नॅपशॉट घेतो आणि 24 तास ठेवतो. स्नॅपशॉट म्हणजे कॉपी नव्हे, तो फक्त म्हणतो की या क्षणी जे वाफे ज्याच्या नावावर आहेत ते माझ्या परवानगीशिवाय मोकळे करायचे नाहीत. मग तुम्ही 40 जीबीचा व्हिडिओ उडवा, ट्रॅश रिकामा करा, तो स्नॅपशॉट अजून त्या वाफ्यांवर बसलेला. यावर उपाय काय? खरं तर काही न करणं. एक दिवस थांबा, किंवा जागेची निकड आली की मॅक स्वतःच ते सोडतो. घाईच असेल तर टाइम मशीनचा ऑटोमॅटिक बॅकअप बंद करून थोडं थांबा, आणि काम झाल्यावर परत चालू करायला विसरू नका.

विंडोजमध्ये हाच प्रकार रिस्टोअर पॉइंटच्या नावाने चालतो पण जरा उलट्या बाजूने. तिथे उडवल्यावर जागा लगेच सुटल्यासारखी दिसते, पण नंतर त्या वाफ्यावर नवीन काही लिहायची वेळ आली की विंडोज आधी जुना मजकूर उचलून आपल्या कोठारात ठेवतं, न जाणो मागे जावं लागलं तर. ते कोठार हळूहळू फुगतं. म्हणून 'काल 10 जीबी मोकळे केले, आज 7 च दिसतायत' अशी तक्रार येते, अर्थात कारण दर वेळी हेच असेल असं नाही, अपडेटही गुपचूप उतरत असतात. हे कोठार लपलेल्या 'सिस्टिम व्हॉल्युम इन्फर्मेशन' फोल्डरमध्ये असतं, तिथे आपल्याला घुसू पण देत नाहीत. त्याला मर्यादा घालायची तर स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असं शोधा, जी खिडकी उघडेल त्यात सी ड्राइव्ह निवडून 'कॉन्फिगर' दाबा, तिथे एक सरकवायची पट्टी आहे, कोठाराला किती जागा द्यायची ती. मी 3 ते 5 टक्के ठेवते. पूर्ण बंद करू नका, एखादं ड्रायव्हर (प्रिंटर, वायफाय वगैरे चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) बिघडलं की तोच रिस्टोअर पॉइंट देवासारखा धावून येतो.

एका जमिनीवर दोन नावं असतात तसंही होतं. मॅकवर फाइल डुप्लिकेट केली तर एपीएफएस नवीन जागा घेतच नाही, त्याच वाफ्यांवर दुसरं नाव चढवतं, आणि तुम्ही एका प्रतीत काही बदल केलात तर तेवढाच बदललेला तुकडा वेगळा लिहितं. हुशारी आहे, पण त्यामुळे डुप्लिकेट फाइल शोधून शोधून 50 उडवल्या आणि जागा काहीच सुटली नाही असं होतं, कारण दुसरं नाव अजून आहे. विंडोजमध्ये 'विनएसएक्सएस' नावाचं फोल्डर आहे, त्याची साइज बघून लोकांचे डोळे पांढरे होतात, 10 जीबी, 12 जीबी. त्यातल्या पुष्कळ फाइल म्हणजे सिस्टिमच्याच फाइलचं दुसरं नाव असतं, हार्ड लिंक म्हणतात त्याला, मोजताना दोनदा मोजल्या जातात. त्या फोल्डरला हाताने हात लावायचा नाही. अजिबात नाही. एका ओळखीच्या मुलाने लावला होता, नंतर त्याने विंडोज नव्याने टाकलं.

काही फाइल गोण्यांसारख्या असतात, आतलं धान्य काढलं तरी गोणी तेवढीच फुगलेली. आउटलुकची पीएसटी फाइल घ्या. ऑफिसात 5 वर्षांचे मेल साठलेले, फाइल 20 जीबीची, तुम्ही शनिवारी बसून अर्धे मेल उडवले, आउटलुकचं डिलीटेड फोल्डरही रिकामं केलं, आणि फाइल बघता तर 20 जीबीच. आतली जागा आउटलुकने 'पुढच्या मेलसाठी' म्हणून स्वतःकडेच ठेवलीय. अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाइलच्या सेटिंगमध्ये 'कॉम्पॅक्ट नाऊ' असं बटण असतं, ते दाबलं की गोणी आवळते. थंडरबर्डमध्ये पण 'कॉम्पॅक्ट' आहे. जे व्हर्च्युअल मशीन (कंप्युटरच्या आत चालणारा दुसरा कंप्युटर) वापरतात त्यांच्या डिस्क फाइलचं हेच, आतून उडवलं तरी बाहेरून आकडा उतरत नाही, ती वेगळी आवळावी लागते.

लिनक्स आणि मॅकवर अजून एक आहे. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसलाय आणि तुम्ही ती उडवलीत तर नाव जातं पण प्रोग्रॅम सोडत नाही तोवर जागा जात नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, रात्री दोनला भलीमोठी लॉग फाइल उडवायची आणि डिस्क 100 टक्केच दाखवत राहते. विंडोज सहसा आधीच अडवतं, 'फाइल वापरात आहे' म्हणून. घरच्या माणसाने एवढंच करायचं, रिस्टार्ट. खरा रिस्टार्ट, झाकण मिटून उघडणं नव्हे.

आता सगळ्यात जास्त रडारड जिथे होते ते, वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची, नेटवरची जागा. नवीन लॅपटॉप घेताना सेटअपमध्ये पुढे पुढे करत गेलं की बऱ्याचदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर वनड्राइव्हला जोडली जातात. मग माणूस विचार करतो, फोटो क्लाउडवर आहेतच की, मग इथले उडवू. नाही! ते फोल्डर म्हणजे क्लाउडचा आरसा आहे, इथे उडवलं की तिथेही उडतं, आणि फोनवरही. लॅपटॉपवरून जागा सोडायचीय आणि फाइल क्लाउडवर ठेवायचीय तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणायचं, डिलीट नाही. मग फाइलशेजारी निळा ढग दिसतो, म्हणजे नाव इथे, माल तिकडे, उघडाल तेव्हा नेटवरून येईल. हिरवी बरोबरची खूण असेल तर माल इथेच आहे आणि जागा खातोय. चुकून उडवलंच असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर त्याचं रिसायकल बिन असतं, पर्सनल अकाउंटला तिथे 30 दिवस फाइल मिळते. एकतिसाव्या दिवशी फोन करू नका मला.

एवढं सगळं बघूनही जागा कमीच असेल तर याचा अर्थ तुम्ही चुकीच्या फाइल उडवताय. माणसाला दिसतात फोटो आणि व्हिडिओ, म्हणून तो तेच उडवत बसतो, आणि खरी जागा खाणारे दिसतच नाहीत. अंदाजाने उडवू नका, आधी बघा. विंडोजसाठी विझट्री आणि विनडिरस्टॅट ही दोन फुकट मिळतात (विझट्री घरगुती वापराला फुकट आहे, कंपनीत वापरायचं तर पैसे), मॅकसाठी ग्रँडपर्स्पेक्टिव्ह आहे. विझट्री मला आवडतं कारण ते फोल्डर फोल्डर फिरत बसत नाही, थेट तलाठ्याचं दप्तर वाचतं, त्यामुळे अख्खी ड्राइव्ह काही सेकंदांत समोर येते, सगळ्यात मोठं फोल्डर सगळ्यात वर.

मावशीकडे हेच टाकायला सांगितलं आणि तिने एकेक नाव वाचून दाखवायला सुरुवात केली. "विंडोज डॉट ओल्ड, 17 जीबी." हे म्हणजे आधीचं विंडोज. मोठं अपग्रेड झालं की विंडोज जुनी आवृत्ती उचलून बाजूला ठेवतं, आवडलं नाही तर मागे जाता यावं म्हणून, 10 दिवस, मग आपोआप काढतं. तिचं अपग्रेड चारच दिवसांपूर्वी झालेलं. थांबली असती तरी चाललं असतं, पण सगळं नीट चालतंय म्हणाली, म्हटलं काढ. हे फोल्डर पण हाताने नाही उडवायचं. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात स्टोरेज, त्यात टेम्पररी फाइल्स, तिथे यादी येते आणि त्यात आधीच्या विंडोजसमोर टिक करायची. या यादीत एक सापळा आहे, खाली 'डाउनलोड्स' पण असतं. त्याला टिक केलीत तर तुमचं डाउनलोड फोल्डर रिकामं, आणि आपल्याकडे तर लोकांचं पॅन कार्ड, लाइट बिल, मुलाचं मार्कशीट सगळं तिथेच नांदत असतं. विंडोज 10 च्या ऑक्टोबर 2018 च्या अपडेटमध्ये जुन्या डिस्क क्लीनअपच्या यादीत पण हे डाउनलोड्स आणून बसवलं होतं, लोक सवयीप्रमाणे सगळ्याला टिक करायचे, पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच. नंतर ते काढलं तिथून.

"हायबरफिल, 3 जीबी." लॅपटॉप हायबरनेट होतो तेव्हा रॅममधलं सगळं या फाइलमध्ये ओतून ठेवतो, म्हणून तिची साइज रॅमवर ठरते, साधारण 40 टक्के. ही घालवता येते, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ. पण मग हायबरनेट तर जातंच, फास्ट स्टार्टअपही जातं, लॅपटॉप उघडायला थोडा जास्त वेळ लागतो. मावशीला म्हटलं 3 जीबीसाठी कशाला, राहू दे. "पेजफाइल?" ती पण राहू दे, रॅम कमी पडली की तिचाच आधार.

आणि मग खरा चोर सापडला. यूझर्स, तिचं नाव, अ‍ॅपडेटा, रोमिंग, अ‍ॅपल कंप्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप. 31 जीबी. म्हटलं, हा तर आयफोनचा बॅकअप. "माझ्याकडे कुठे आयफोन आहे?" तिच्याकडे नाही, पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीला माझा मावसभाऊ आला होता, त्याने फोन बदलायच्या आधी आईच्या लॅपटॉपवर बॅकअप घेतला आणि विसरला. अ‍ॅपडेटा फोल्डर मुळात लपवलेलं असतं, त्यामुळे ही बाई दोन वर्षं स्वतःच्या कविता आणि लग्नाचे व्हिडिओ उडवत बसली आणि मुलाचा जुना फोन 31 जीबी अडवून बसलेला. भावाला विचारलं, नको म्हणाला, मग आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हाइसेस आहे तिथून काढला. असा माल थेट फोल्डरमधून उपटण्यापेक्षा ज्या अ‍ॅपने ठेवला त्याच अ‍ॅपमधून काढावा, म्हणजे मागे अर्धवट काही राहत नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांच्या कॅशेचं, मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपच्या मीडियाचं, सगळ्याचं हेच.

'एका क्लिकमध्ये लॅपटॉप साफ' म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअर टाकू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून जागा सुटत नाही, ती सगळी मिळून फार तर काहीशे एमबी असते, आणि त्यातली चुकीची नोंद गेली तर प्रोग्रॅम उघडायचे बंद होतात. ब्राउझरची कॅशे पण रोज साफ करायची गरज नाही, उद्या परत तेवढीच भरते, उलट नेटचा डेटा जातो.

शेवटी मावशीने गणिताच्या बाईंसारखा प्रश्न टाकलाच, "अगं, डब्यावर 256 लिहिलं होतं, इथे एकूण 238 च दिसतायत. 18 जीबी कोणी खाल्ले?" कोणी नाही. ड्राइव्ह बनवणारे 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात, विंडोज 1024 गुणिले 1024 गुणिले 1024 धरतं, म्हणजे 107 कोटी 37 लाखांच्या वर. 256 अब्ज बाइटला त्याने भागा, 238 येतात. 512 चे 476 होतात आणि 1 टीबीचे 931. बाइट तेवढेच, माप मोठं. मॅक 2009 पासून दुकानदाराच्याच मापाने मोजतो म्हणून तिथे हा घोळ दिसत नाही. तिने कागदावर भागाकार करून बघितला, मला फोनवर पेनचा आवाज येत होता, आणि मग म्हणाली, "238.4."

फ्री 66 जीबी दिसत होते, पट्टी निळी. म्हटलं, कविता पेनड्राइव्हवर पण एकदा कॉपी करून ठेव. "ठेवते," म्हणाली, "पण ते व्हिडिओ बिनमधून एवढ्यात काढायला नको होते गं, मंगलाष्टकांचा तेवढा एक हवा होता." मी विचारलं, बिन रिकामं करून किती वेळ झाला? तासभर. ड्राइव्ह एसएसडी. मावसभावाला मेसेज टाकलाय, लग्नाच्या फोटोवाल्याकडे मूळ प्रत आहे का बघ म्हणून.